पिंप आणि मडके

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयातील खोलीत इतिहासाच्या वर्गातील एक विद्यार्थी निबंधाचा विषय ठरविण्यासाठी आला होता. टेबलावर एक इंग्रजी सचित्र मासिक उघडे पडले होते व त्यात बिअर गाळणाऱ्या नव्या कारखानदारांचे कौतुक छापलेले होते. एका जातीच्या बिअरचा काळसर रंग दुसरीच्या कडवटपणाशी कसा जुळविला, गव्हाच्या बिअरमध्ये फळांचा आंबटगोडपणा कसा उतरविला, दोन देशांच्या दोन परंपरा एका पेल्यात कशा नांदविल्या, असे त्या लेखाचे एकंदर स्वरूप होते. आमचा विद्यार्थी गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्याचा. घरी थोडी धानाची शेती, आणि उन्हाळा लागला म्हणजे मोह वेचणे हा घरचा दुसरा आधार. त्याने तो लेख उभ्या उभ्या वाचला आणि किंचित हसून विचारले, "सर, ह्यांनी चार चवी मिसळल्या तर ती कला. आमच्या आईनं मोह भिजत घातला तर तो गुन्हा. ह्यात इतिहास कुठला, आणि कायदा कुठला?"

त्या वेळी आम्ही त्यास काहीतरी प्राध्यापकी उत्तर देऊन वाटेला लावले. पण प्रश्न मनातून जाईना. प्रस्तुत निबंध म्हणजे त्या प्रश्नास उशिरा दिलेले उत्तर होय.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. आम्ही स्वतः मद्य घेत नाही, व हा निबंध वाचून कोणी घेऊ लागावे अशी आमची मुळीच इच्छा नाही. परंतु मनुष्यजातीने हजारो वर्षे जी वस्तू केली, जिच्याभोवती सण, कर, कायदे आणि भांडणे उभी राहिली, तिचा इतिहास सोवळ्याने दूर ठेवल्यास इतिहासाचेच एक पान कोरे राहील. शिवाय ह्या इतिहासात मद्यापेक्षा मोठी गोष्ट गुंतलेली आहे. मिसळण्याचा अधिकार कोणास असतो, आणि शुद्ध कशास म्हणावे हे कोण ठरवितो, ती ही गोष्ट होय.

प्रथम लंडनकडे वळू. कारण मिश्र बिअरची सर्वांत प्रसिद्ध कथा तेथलीच आहे. ती कथा अशी: अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनचे गिऱ्हाईक दुकानात आले म्हणजे तीन वेगवेगळ्या पिंपांतील तीन प्रकारचे पेय एकाच पेल्यात मिसळून मागत असे. दुकानदारास तीनदा तळघरात खेटे घालावे लागत. तेव्हा १७२२ मध्ये हारवुड नामक एका कारखानदाराने ह्या तिन्हींची चव एकाच पिंपात उतरविली. आणि ते पेय लंडनच्या हमालांस फार आवडले म्हणून त्यास हमालांचेच, म्हणजे पोर्टर, हे नाव पडले. पुढे शंभर-दीडशे वर्षे ही कथा प्रत्येक ग्रंथात उतरत गेली. परंतु अलीकडील संशोधकांनी जुने कागद तपासले तेव्हा तिचा पाया ठिसूळ निघाला. ती सविस्तर छापली गेली ती १८०२ च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर ऐंशी वर्षांनी. पोर्टर कोणा एकाने एका दिवशी शोधून काढलेली नसून लंडनच्या तपकिरी बिअरमध्ये अनेक कारखान्यांनी हळूहळू केलेल्या सुधारणांचे ते फळ होते, असा आता निर्णय आहे.

कथा खोटी ठरली, तरी मिश्रण खोटे नव्हते. लंडनचे मोठे कारखानदार पोर्टर प्रचंड लाकडी टाक्यांत महिनोन्महिने मुरवीत, आणि मुरलेल्या आंबूस पोर्टरमध्ये ताजी, गोडसर पोर्टर मिसळून विकीत. ही टाकी किती मोठी होती ह्याची कल्पना एका अपघातावरून येईल. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी मूक्स कंपनीच्या कारखान्यातील एक टाके फुटले, त्याच्या लोंढ्याने शेजारची घरे कोसळली आणि आठ माणसे मेली. बेल्जममध्ये ब्रुसेल्सच्या आसपास आजही लांबिक नावाची बिअर हवेतील जिवाणूंच्या भरवशावर आंबविली जाते, आणि एक, दोन व तीन वर्षांची लांबिक एकत्र करून तीतून ग्योझ हे पेय तयार होते. तेथे मिसळणाऱ्याची जीभ हीच मुख्य कारागिरी समजतात.

मिश्रणाच्या आडून भेसळही चालते, हे मात्र विसरता कामा नये. १८२० मध्ये फ्रेडरिक आकुम ह्या रसायनशास्त्रज्ञाने अन्नपदार्थांतील भेसळीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात लंडनच्या बिअरमध्ये नशा वाढविण्यासाठी काकमारीची विषारी फळे घालतात असे त्याने उघडकीस आणले. ही काकमारी हिंदुस्थानातूनच तेथे जात असे. आमच्याकडील लोक जे फळ मासे मारण्यासाठी पाण्यात टाकीत, ते लंडनच्या हमालाच्या पेल्यात पोहोचले होते! मिश्रण आणि भेसळ ह्यांतील हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

लंडनहून हिंदुस्थानात बिअर येऊ लागली तीही ह्याच काळात. लंडनच्या पूर्वेकडील बो येथील हॉजसन ह्याचा कारखाना ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ होता, आणि कप्तानांस तो लांब मुदतीची उधारी देत असे. म्हणून त्याची फिक्या रंगाची बिअर येथे प्रथम रुजली. त्याने ती खास हिंदुस्थानासाठी शोधून काढली, ही देखील पोर्टरच्या कथेसारखीच एक कथा आहे. पुढे १८२० नंतर बर्टन गावच्या ऑलसॉप ह्याने तीच बिअर तेथील जिप्समयुक्त पाण्यात केली व ती अधिक उतरली. गोरे अधिकारी ही पेल एल पीत, तर पलटणीतल्या साध्या गोऱ्या शिपायास पोर्टर मिळे. विदर्भातील वाचकांस ह्यासाठी दूर जावयास नको. १८२१ मध्ये वसलेली कामठीची छावणी नागपूरच्या वेशीवरच आहे. एका बाजूस कंपनी सरकार सातासमुद्रांपलीकडून पिंपे आणवून आपल्या शिपायांची तहान भागवीत होते. दुसऱ्या बाजूस त्याच प्रदेशाच्या रानात कोणी काय आंबवावे ह्यावर नियम करण्याचा विचार मूळ धरीत होता.

आज जगभर जी सोनेरी बिअर शुद्धतेचा आदर्श म्हणून मिरविते, तिचीही कुळकथा पाहण्यासारखी आहे. बोहेमियातील पिल्सेन गावच्या लोकांनी १८३८ मध्ये आपल्या गावची खराब बिअर चौकात ओतून दिली आणि नवा सार्वजनिक कारखाना काढला. त्यात योझेफ ग्रोल हा बव्हेरियातून बोलाविलेला कारागीर होता. जव फिके भाजण्याची रीत इंग्लंडची, थंड तळघरात सावकाश आंबविण्याची रीत बव्हेरियाची, हॉपची फुले बोहेमियाची, पाणी पिल्सेनचे. ह्या चार गोष्टी एकत्र येऊन ५ ऑक्टोबर १८४२ रोजी जी पहिली घाण पडली, तिचे नाव पिल्सनर. म्हणजे जिला आपण अस्सल म्हणतो तीही मूळची मिश्रच. मिश्रण जुने झाले, त्याचे मायबाप विसरले गेले, म्हणजे त्यास शुद्ध म्हणण्याचा प्रघात पडतो. भाषेचेही असेच होते, आणि कुळांचेही.

मग शुद्धतेची कल्पना आली कोठून? बव्हेरियाच्या ड्यूकने १५१६ मध्ये काढलेल्या हुकमाचा येथे नेहमी दाखला देतात: बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी ह्यांवाचून दुसरे काही घालू नये. पण त्या हुकमात बिअरचा दरही बांधून दिला होता, आणि गहू भाकरीसाठी राखून ठेवणे हाही त्याचा एक हेतू मानला जातो. आणखी गंमत अशी की पुढे त्याच राजघराण्याने गव्हाची बिअर गाळण्याचा मक्ता स्वतःकडे ठेवून तीवर पुष्कळ पैसा मिळविला. प्रजेस जे अशुद्ध तेच राजास उत्पन्नाचे साधन! इंग्लंडातही १८१६ पासून माल्ट व हॉप ह्यांखेरीज काही वापरण्यास कायद्याने बंदी होती. कारण कर माल्टवर होता, आणि दुसरा पदार्थ आला की करास गळती लागे. ही बंदी सैल होत होत १८८० मध्ये ग्लॅडस्टनने कराची सर्व पद्धतच बदलली. कर माल्टवरून काढून तयार होणाऱ्या रसाच्या घनतेवर बसविला, आणि इंग्रज कारखानदारास आपल्या टाक्यात हवे ते मिसळण्याची मोकळीक दिली. १८८० हे साल वाचकांनी लक्षात ठेवावे.

आता आपल्या घराकडे येऊ. मद्य आणि मिश्रण ह्यांचा संबंध आमच्याकडे युरोपाहून नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात तांदूळ आणि किण्व ह्यांपासून होणारे मेदक. पीठ, किण्व व औषधी साल ह्यांपासून होणारी प्रसन्ना. मेषशृंगीच्या सालीच्या काढ्यात गूळ, पिंपळी, मिरी आणि त्रिफळा घालून केलेले मैरेय, अशी कृतींची मालिकाच दिली आहे. ह्यांपैकी एकाही पेयात एकच पदार्थ नाही. ह्याहून महत्त्वाचे असे की, मद्याचा सर्व व्यवहार राज्याच्या मुठीत ठेवणारा हा कठोर शास्त्रकार दोन ठिकाणी मूठ सैल सोडतो. गृहस्थांनी सणासमारंभासाठी घरी श्वेतसुरा करावी व औषधासाठी अरिष्ट करावे, ह्यास तो मोकळीक देतो. आणि उत्सव, मेळे व यात्रा ह्यांसाठी चार दिवसांची सवलत ठेवतो. कर हवा, दंडही हवा; पण सणाचे मडके आणि व्यापाराचे पिंप ह्यांत भेद आहे, हे त्यास पटलेले होते.

वैद्यकाकडे पाहावे तर चरकसंहितेत मोहाच्या फुलांचा मधूकासव आहे. आमच्या सुशिक्षित वाचकांनी आपल्याच घरातील औषधांचे फडताळ उघडावे. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, कुमारीआसव ह्यांपैकी एखादी बाटली तेथे सापडेलच. काढ्यात गूळ आणि धायटीची फुले घालून, तोंड बांधून, महिनाभर मुरवून ही आसवे करतात, आणि त्यांत आपोआप उत्पन्न झालेला मद्यार्क असतो, हे बाटलीवरच छापलेले असते. आजी नातवास चमचाभर अरिष्ट देते तेव्हा आपण दारू पाजीत आहो असे तिच्या मनातही येत नाही. आणि ते योग्यच आहे. परंतु हीच क्रिया सालेकसा तालुक्यातील एखाद्या आजीने मडक्यात केली, की तिचे नाव बदलते.

सालेकसा हे गाव मुंबई-हावडा लोहमार्गावर, महाराष्ट्राच्या अगदी पूर्व कडेस आहे. १८८२ पर्यंत नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा अरुंद रूळ नागपुरापासून राजनांदगावपर्यंत पोहोचला. पुढे बेंगॉल-नागपूर रेल्वेने तो रुंद केला व १८९१ मध्ये थेट आसनसोलपर्यंत नेला. गाडी सालेकसा सोडून दरेकसाच्या बाजूस वळली की डोंगर जवळ येतात, बोगदा लागतो आणि दोन्ही बाजूंस रान सुरू होते. ह्या रानातच कचारगडची प्रसिद्ध गुहा आहे. माघी पौर्णिमेस तेथे महाराष्ट्र, मध्यप्रदेश, छत्तीसगड, तेलंगण व ओडिशा येथून हजारो गोंड बांधव जमतात, आणि पारी कुपार लिंगो व जंगो रायताड ह्यांचे स्मरण करतात. त्यांच्या दृष्टीने हे स्थान धर्माचे मूळपीठ होय. लिंगोची कथा नागपूरचे मिशनरी हिस्लॉप ह्यांनी गोंड गायकांकडून ऐकून लिहून घेतली होती, व त्यांच्या मृत्यूनंतर सर रिचर्ड टेंपल ह्यांनी ती १८६६ मध्ये छापविली. म्हणजे ह्या लोकांस स्वतःची देवकथा आहे, आचार आहे, हे इंग्रज सरकारास फार पूर्वी ठाऊक झाले होते.

ह्या प्रदेशाचे कल्पवृक्ष म्हणजे मोह. फाल्गुन-चैत्रात, पाने गळून गेलेल्या झाडावर मेणासारखी पांढुरकी, रसाळ फुले येतात, आणि रात्रीच्या शेवटल्या प्रहरी ती टपटप खाली पडू लागतात. घरची बायकापोरे झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून जाळून ठेवतात, म्हणजे फुले स्वच्छ जागेवर पडतात, आणि पहाटेच टोपल्या घेऊन वेचावयास जातात. ही फुले उन्हात वाळली म्हणजे मनुकांसारखी दिसतात, आणि त्यांच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग साखरेचाच असतो. ती उकडून खातात, भाजून खातात, पिठात घालतात. अवर्षणाच्या साली धान गेले म्हणजे मोहच घर तारतो. फुलांमागून फळे येतात, आणि त्यांच्या बीचे, जिला तिकडे टोरी म्हणतात तिचे, तेल निघते. दारू हा मोहाचा एक उपयोग आहे, एकमेव उपयोग नव्हे.

वाळलेली फुले मडक्यात पाण्यात भिजत घातली म्हणजे फुलांवरच बसलेल्या किण्वामुळे चार-सहा दिवसांत ती आंबतात. ह्यास सडवा म्हणतात. पुष्कळ ठिकाणी जुन्या सडव्याचा थोडा भाग राखून तो नव्यात घालण्याची रीत आहे, म्हणजे आंबण्यास लवकर जोर येतो. लंडनचा कारखानदार जुन्या पोर्टरमध्ये नवी मिसळी, ब्रुसेल्सचा कारागीर तीन वर्षांची लांबिक एकत्र करी. तीच जुन्यानव्याची सांगड मोहाच्या मडक्यात आहे. मग सडव्याचे मडके चुलीवर चढवून, वर दुसरे भांडे बसवून वाफ थंड करतात, आणि थेंबथेंब अर्क उतरतो. 'पहिल्या धारेची' हा आमच्या मराठीतला शब्दप्रयोग ह्याच भांड्यातून पांढरपेशा बोलीत आला, हे तो वापरणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल? काटेकोर अर्थाने मोहाचा अर्क बिअर नव्हे. बिअर धान्याची असते आणि तिचा अर्क काढीत नाहीत. पण सडवा ही जी आंबण्याची पहिली पायरी, ती पिंपात आणि मडक्यात एकच आहे. आणि कायद्याचा हात पडतो तो पुष्कळदा ह्या पायरीवरच.

हा हात कसा वाढत गेला ते आता पाहू. मुंबई इलाख्यात १८७८ मध्ये अबकारी कायदा झाला. देशी दारू गाळण्याचे काम घरातून व लहान भट्टीतून काढून मक्तेदाराच्या मोठ्या भट्टीकडे नेण्याचे धोरण त्याच्या आगेमागे सर्वत्र जोर धरू लागले होते. १८९२ मध्ये त्याच इलाख्यात खास मोहाचाच एक कायदा झाला, आणि ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुले जवळ बाळगण्यावर व त्यांच्या व्यापारावर निर्बंध आले. आता वाचकांनी १८८० हे साल आठवावे. ज्या साम्राज्याने आपल्या घरच्या कारखानदारास टाक्यात हवे ते मिसळण्याची मोकळीक दिली, त्याच साम्राज्याने बारा वर्षांनंतर ठाण्याच्या वारल्यास झाडाखाली पडलेले फूल घरात ठेवण्यासही बंधन घातले. दोन्ही कायद्यांमागे हिशेब एकच होता, तो वसुलीचा. इंग्लंडात मोकळीक दिल्याने वसुली सोपी झाली. येथे फूलच अडविल्याने ती सोपी झाली. नीतीचा प्रश्न दोन्हीकडे मागाहून आला.

सालेकसा तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. ते मध्यप्रांताच्या भंडारा जिल्ह्यात होते. तेथे १९१५ चा मध्यप्रांत अबकारी कायदा लागू झाला. त्याच्या पुढल्याच वर्षी रसेल आणि रायबहादूर हिरालाल ह्यांचा मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला; त्यात गोंडांच्या जन्म, विवाह व मृत्यू ह्यांच्या संस्कारांत मद्याचे स्थान कसे आहे ते नोंदलेले आहे. एका सरकारी कपाटात कायदा, दुसऱ्यात ही नोंद. दोन कपाटांची भेट होण्याचा योग मात्र आला नाही. १९३८ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने मध्यप्रांत व वऱ्हाडासाठी दारूबंदीचा कायदा केला. त्यामागे गांधीजींची प्रेरणा होती, आणि तिच्या शुद्धतेविषयी शंका घेण्याचे आम्हांस कारण दिसत नाही.

पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला; लगतचा बालाघाट जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. १९५९ मध्ये मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा विदर्भासही लागू झाला, आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा तोच पुढे चालू राहिला. भंडाऱ्यातून गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १९९९ मध्ये निघाला. ह्या उलाढालीचा एक परिणाम असा झाला की, एकच रान, एकच मोह, एकच सोयरीकसंबंध असलेल्या लोकांत राज्याची रेघ आली आणि कायदे दोन झाले. रेघेपलीकडे, मध्यप्रदेशात व पुढे छत्तीसगडात, जुना १९१५ चाच कायदा चालू आहे. आणि तेथे आदिवासींस घरच्या वापरापुरती, ठरलेल्या मर्यादेत मोहाची दारू करण्याची सूट आहे. रेघेअलीकडे सालेकसा तालुक्यात तशी सर्वसाधारण सूट नाही. बहिणीबहिणींपैकी एक पलीकडे दिली आणि एक अलीकडे राहिली, तर एकीचे मडके घरचे आणि दुसरीचे मुद्देमालाचे! अलीकडे मध्यप्रदेशाने मोहाच्या दारूस वारसा-मद्य म्हणून मान्यता देऊन ती आदिवासी बचत गटांकडून बाटलीबंद करण्याचाही उपक्रम काढला. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुलांचे संकलन, साठवण व वाहतूक ह्यांवरील निर्बंध उठविण्याचा निर्णय घेतला. फूल मोकळे झाले ही आनंदाची गोष्ट आहे. मडक्याचा प्रश्न राहिलाच.

आणि ह्याच महाराष्ट्रात, ह्याच दारूबंदी कायद्याखाली, बिअरचे परवाने मिळतात. २००९ मध्ये पुण्यास डूलाली नावाची लहान बिअर-भट्टी निघाली, व ती ह्या देशातील अशा पहिल्या भट्ट्यांत गणली जाते. तेव्हापासून मुंबई-पुण्यास अशा भट्ट्या वाढत गेल्या, आणि त्यांत दोन-तीन परंपरा मिसळून नवी बिअर करण्याची हौस जोरात आहे. काळी असून पेल एलसारखी कडू, लागरचे किण्व पण एलची ऊब, असे तिचे प्रकार असतात. ह्या कारागिरांचे कौशल्य आम्ही नाकारीत नाही. परवाना घेऊन, कर भरून, स्वच्छतेने ते काम करतात. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या कायद्याच्या नावात बंदी आहे तो ज्याच्यापाशी भांडवल, इमारत आणि अर्ज लिहिणारा वकील आहे त्याच्यासाठी परवान्याचे दार ठेवतो, आणि ज्याच्यापाशी फक्त मडके आहे त्याच्यासाठी भिंत ठेवतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. दारूने घरे बसली आहेत, त्याचे काय? सालेकसाच्या दक्षिणेस असलेल्या गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि तिच्यासाठी तेथील लोकांनी, त्यांतही स्त्रियांनी, मोठी चळवळ केली होती. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये बंदी आली ती देखील स्त्रियांच्या मागणीमुळे. २०२१ मध्ये ती उठली. नवऱ्याच्या हातची मजुरी गुत्त्यावर जाते आणि पोरे उपाशी निजतात, हे ज्या बाईने पाहिले तिला मोहाचे सांस्कृतिक महत्त्व सांगत बसणे हा निर्दयपणा होईल. शिवाय हातभट्टीच्या नावाखाली सडका गूळ आणि नवसागर मिसळून जे विष विकले जाते, ते काकमारीचेच भावंड आहे. तेथे दंड कठोर असलाच पाहिजे.

परंतु ह्या आक्षेपातच उत्तराचा धागा आहे. नवसागराची भट्टी धंद्यासाठी असते, आणि फूल मिळेनासे झाले, चोरून करणे भाग पडले, म्हणजे तिला ऊत येतो. पूजेपुरता अर्क काढणारी म्हातारी आणि गुत्त्याचा मालक ह्या दोघांस एकाच कलमाखाली उभे केल्याने गुत्त्याचा मालक सुधारत नाही. म्हातारीस मात्र तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घालावे लागतात. कौटिल्यास जो भेद कळत होता, तो आमच्या कायद्यास कळणे अशक्य नाही. कोणत्या गावात मद्य असावे वा नसावे हे ठरविण्याचा पहिला अधिकार गावच्या स्त्रियांचा आहे, असे आमचे स्वतःचे मत आहे. त्यांनी बंदी मागितली तर ती पुण्याच्या पिंपास आणि सालेकसाच्या मडक्यास सारखीच लागावी. आणि पिंपास सवलत द्यावयाची असेल तर मडक्याचीही सुनावणी व्हावी.

इतिहासाच्या अभ्यासकास आणखी एक गोष्ट जाणवते. पोर्टरची कथा सांगताना लोकांस हारवुड लागला, पेल एलची सांगताना हॉजसन लागला. श्रेय कोणा एकाच्या नावावर मांडल्यावाचून आमचे समाधान होत नाही, मग ते नाव कागदांवर टिको अथवा न टिको. मोहाच्या मडक्यावर मात्र कोणाचेच नाव नाही. तो शोध कोणीही आपला म्हणून सांगितला नाही, आणि कदाचित म्हणूनच तो कोणाचा हक्क आहे असे कोणास वाटले नाही. ज्याची नोंद नाही त्याची मालकी नाही, हा छापखान्याच्या युगाचा अन्याय आहे, आणि त्याचे परिमार्जन काही अंशी तरी आम्हा लिहिणाऱ्यांच्या हाती आहे.

सुटी संपल्यावर तो विद्यार्थी परत आला, तेव्हा आम्ही त्यास निबंधाचा विषय दिला: 'भंडारा जिल्ह्यातील मोह आणि अबकारी, १९१५ ते १९५९.' जुन्या कचेऱ्यांतील दप्तरे त्याने पाहावीत, आणि त्यांच्या शेजारी आपल्या आईचे म्हणणेही तिच्याच शब्दांत लिहून घ्यावे, असे सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "सर, आई आता करीत नाही. दंड झाला तेव्हापासून ती फुलं वाळवून व्यापाऱ्याला विकते. पण माघी पौर्णिमेला देवापुढे ठेवायला थोडं लागतं, ते पलीकडून मावशी पाठवते."

त्या मावशीचे गाव नकाशात आम्ही शोधले. ते राज्याच्या रेघेपलीकडे, बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर आहे.